रेघेचा चष्मा: दोन वर्षांच्या वापरानंतर

ज्या वस्तूबद्दल हा अभिप्राय लिहीत आहे, ती अगदी साधी आहे. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही चष्म्याच्या दुकानात मिळणारा, काचेच्या वरच्या भागातून दूरचे दाखवणारा आणि खालच्या भागात जवळचे वाचण्यासाठी गोल तुकडा असलेला, दुकानदार ज्याला ‘क्रिप्टोक’ म्हणतात आणि आमच्या गावात ज्याला सरळ ‘रेघेचा चष्मा’ म्हणतात, तो हा चष्मा. फ्रेमसह तो मला ९५० रुपयांना पडला. त्याला आता दोन वर्षे होत आली असून या काळात मी तो वावरात, बाजारात, एसटीत, लग्नात आणि मयतीला, सगळीकडे घातला आहे. त्यापूर्वी चार महिने मी याच कामासाठी अकरा हजार रुपयांचा, रेघ न दिसणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरला होता, त्यामुळे दोन्हींची तुलना करण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

अभिप्राय देणाऱ्याचे वय ६० वर्षे. यवतमाळ जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, नियमाप्रमाणे ५८व्या वर्षी निवृत्त झालो आणि आता चार एकर कोरडवाहू वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर घेतो. गावातले लोक अजूनही मला ‘सचिव’ म्हणूनच हाक मारतात. वय आधी सांगण्याचे कारण असे की, वय न सांगता दिलेला चष्म्याचा अभिप्राय म्हणजे जमिनीचा पोत न सांगता दिलेला बियाण्याचा सल्ला होय. तीस वर्षांच्या माणसाला या वस्तूचा काही उपयोग नाही, आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला माझे म्हणणे कदाचित पटणार नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी मलाही ते पटले नसते.

मराठीने या वस्तूला वयाचेच नाव देऊन टाकले आहे. वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो आणि ‘त्याला चाळिशी लागली’ या वाक्यातून वय आणि नजर दोन्ही एकदमच सांगून टाकतो. हे नाव शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचे नाही. डोळ्यातले भिंग जन्मभर थोडे थोडे कडक होत जाते. लहानपणी ते इतके लवचिक असते की दहा वर्षांच्या पोराला नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवर धरलेले अक्षरही स्वच्छ दिसते. चाळिशीला हेच अंतर वीतभर होते आणि साठीला, चष्मा नसेल तर, जवळजवळ एक मीटर. माणसाचा हात एक मीटर लांब नसतो, एवढीच काय ती अडचण आहे. हा रोग नव्हे, आणि गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून तो मागेही फिरत नाही. जवळचा नंबर चाळिशीच्या सुमारास अधिक एकपासून सुरू होतो, पन्नाशीत दोनच्या आसपास येतो आणि साठीला अडीचच्या आसपास पोहोचून साधारणपणे तिथेच थांबतो, कारण तोवर भिंगाची जुळवून घेण्याची शक्ती बहुतेक संपलेली असते. आणखी संपायचे काही उरले नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत दिलासादायक वाक्य वाटते.

मला पहिली चाळिशी ४२व्या वर्षी लागली. त्या वेळी मी काय केले हे सांगताना आज हसू येते. मंगळवारच्या बाजारात प्लास्टिकच्या ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगातून चाळीस रुपयांचा तयार चष्मा घेतला आणि तो शर्टाच्या आतल्या खिशात दडवला. कार्यालयात कोणी आले की तो काढून ठेवायचा, गेले की लावायचा. ग्रामसभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचायची वेळ आली की शिपायाकडे वही सरकवून “वाच रे तू, माझा घसा बसला आहे” असे म्हणायचे. माझा घसा सलग तीन ग्रामसभांना बसलेला पाहून एका म्हाताऱ्या पंचाने भर सभेत विचारले, “सचिव साहेब, घसा बसला का डोये बसले?” सगळी सभा हसली. त्यानंतर मी चष्मा लावू लागलो, पण तोही नाकाच्या टोकावर, जणू काही तो माझा नसून सरकारी आहे.

त्या वयात मला पुढचे सगळे हवे होते आणि मागचे काही सोडायचे नव्हते. विस्तार अधिकारी व्हायचे होते, यवतमाळला घर बांधायचे होते आणि त्याच वेळी पंचविशीतल्या पोरांबरोबर कबड्डीत उतरून गुडघा शाबूत ठेवायचा होता. यांपैकी काहीही झाले नाही, गुडघा सोडून. तो आश्चर्यकारकरीत्या शाबूत आहे.

निवृत्त होताना पुण्याच्या मुलाने भेट म्हणून प्रोग्रेसिव्ह चष्मा करून दिला. शहरातले मोठे दुकान, थंडगार हवा, टॅबवर डोळ्यांचे फोटो. “बाबा, यात रेघ दिसत नाही, वय कळत नाही,” असे मुलगा म्हणाला, आणि विकणाऱ्या मुलीनेही जवळपास तेच वाक्य थोड्या गोड आवाजात म्हटले. मुलाचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली येताना नंबर हळूहळू बदलत जातो, त्यामुळे दूरचे, मधले आणि जवळचे असे तिन्ही अंतरांवरचे एकाच काचेतून दिसते. अशी काच १९५९ साली फ्रान्समध्ये प्रथम बाजारात आली. मात्र ही सोय फुकट मिळत नाही. नंबर ज्या अरुंद पट्टीतून उतरतो तिच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा वाकडीतिकडी होते आणि ते टाळणे आजच्या भारीतल्या भारी काचेलाही पूर्णपणे जमलेले नाही.

माझ्या बाबतीत दोन चुका झाल्या. फ्रेम दिसायला सुबक पण उंचीने लहान निवडली गेली, त्यामुळे वाचनाचा भाग तळाशी कापला जाऊन जेमतेम बोटभर उरला. आणि बुबुळाच्या मध्याची खूण मी चष्मा घालून सरळ बसलेलो असताना करायला हवी होती, ती मी वाकून मोबाइल पाहत असताना केली गेली. असा चष्मा घेऊन मी गावी आलो. शेणाने सारवलेली ओसरी पाण्यासारखी हलू लागली. बाजूने जाणारा बैल लांबट होऊन पुढे सरकायचा. वर्तमानपत्राची एक ओळ वाचायला डोळे नव्हे, तर मान डावीकडून उजवीकडे फिरवावी लागे, आणि ते पाहून नातवाला आजोबा कोणाला तरी ‘नाही, नाही’ म्हणत आहेत असे वाटे. दुकानात फोन केला तेव्हा पंधरा दिवसांत सवय होईल असे सांगण्यात आले. पंधरा दिवसांनी फोन केला तेव्हा एक महिना सांगण्यात आला. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत सवय होते हे खरे आहे, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले एक शिक्षक असाच चष्मा लावून दिवसभर संगणकावर काम करतात आणि अतिशय खूश आहेत. म्हणून मी प्रोग्रेसिव्हला दोष देत नाही. तो ज्या आयुष्यासाठी बनवला आहे ते आयुष्य माझे नव्हते, आणि ज्या घाईने तो बसवला गेला ती घाई कोणत्याच आयुष्यासाठी बरी नव्हे.

त्याचा शेवट मात्र माझ्याच चुकीने झाला. मे महिन्यात, पारा ४५च्या वर असताना, मी तो टिनाच्या शेडच्या खिडकीत ठेवून जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. काच आणि तिच्यावरचे चकाकी कमी करणारे कोटिंग उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाही, त्यामुळे कोटिंग तडकते. विदर्भात राहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी: उन्हाळ्यात कोटिंगची काच बंद गाडीत, डिकीत किंवा टिनाखाली ठेवायची नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, मी तालुक्याला गेलो. नंबर ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडून काढून घेतला. त्यांनी डोळ्यांचा दाबही तपासला, कारण काचबिंदू काहीही दुखू न देता नजर खात जातो आणि चाळिशीनंतर ही तपासणी वर्षा-दोन वर्षांनी करायलाच हवी, असे त्यांनी बजावले. दूरचा नंबर अधिक पाऊण, जवळचा त्यावर आणखी सव्वादोन. ती चिठ्ठी घेऊन मी बाजार ओळीतल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार वयाने माझ्याएवढाच असावा आणि त्याच्या स्वतःच्या नाकावर रेघेचा चष्मा होता.

त्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “रेघ दिसन भाऊ, चालन का?”

“चालन,” मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून इतक्या सहज निघाला की माझे मलाच नवल वाटले. अठरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी विचारला असता तर मी घरी जाऊन विचार करून सांगतो म्हटले असते. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला जाणवले की वय कळू नये अशी इच्छा माझी कधीच संपली होती; गेले चार महिने मी ती मुलाच्या वतीने बाळगत होतो. लोकांना माझे वय कळले तर काय होणार आहे? जास्तीत जास्त एसटीत कोणी तरी उठून जागा देईल.

त्यानंतर त्याने जे केले ते मी कोणत्याही शहरी दुकानात पाहिले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. त्याने फ्रेम माझ्या चेहऱ्यावर बसवली, काड्या कानामागे वाकवून पाहिल्या, नाकावरच्या दोन्ही गाद्या चिमट्याने थोड्या आत घेतल्या आणि मला खाली-वर पाहायला, हसायला, डोके हलवायला लावले. फ्रेम घसरत नाही याची खात्री झाल्यावर तो माझ्या समोर, माझ्याच उंचीवर येऊन बसला आणि “माह्या डोयात पाहा” म्हणाला. मग बारीक टोकाच्या पेनाने फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर, माझ्या खालच्या पापणीच्या कडेला, आधी उजव्या आणि मग डाव्या बाजूला एक-एक आडवी खूण केली. पेन खाली ठेवता ठेवता थांबला.

“वावरात जाता का?”

“रोज.”

त्याने दोन्ही खुणा थुंकीने पुसल्या आणि पहिल्या जागेपासून दोन मिलिमीटर खाली नव्या केल्या. “धुऱ्यावर पाय कुठी पडते थे दिसलं पायजे,” एवढेच तो म्हणाला. धुरा म्हणजे वावराचा बांध. (थुंकीने पुसणे बरे नव्हे, हे मला कळते, पण अभिप्राय खरा असावा.)

या दोन मिलिमीटरचे महत्त्व ज्याने दुभागी चष्मा घालून चालून पाहिले आहे त्यालाच समजेल. खालचा भाग दोन वितींवरचे वाचण्यासाठी असतो. त्यातून दीड-दोन मीटरवरची जमीन पाहिली की ती धूसर दिसते आणि जागेवरून सरकल्यासारखी वाटते. रेघेवरून नजर खाली उतरते त्या क्षणी समोरची वस्तू उडी मारते. म्हणूनच वयस्क माणसे दुभागी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यामुळे पायऱ्यांवर अडखळतात आणि म्हणूनच पायरी उतरताना नुसते डोळे खाली न करता हनुवटी छातीकडे आणून वरच्या भागातून पाहायचे असते. पहिल्या आठवड्यात मी घराच्या उंबरठ्यावर दोनदा ठेच खाल्ली. नंतर मान आपोआप वाकू लागली. उंबरठ्यावर मान वाकवायची सवय लावायला साठीपर्यंत थांबलो, असे सौभाग्यवतीचे म्हणणे पडले.

वावरात मात्र या चष्म्याने कमाल केली आहे. पऱ्हाटीत सप्टेंबरपासून गुलाबी बोंडअळीची पाहणी करावी लागते. ओळीतून चालत जायचे, डोमकळी, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेले फूल, दिसली की थांबायचे, फूल तोडून पाकळ्या उलगडायच्या. पुढे हिरवी बोंडे फोडून आत पाहायचे. शंभर फुलांत किंवा बोंडांत दहा किडलेली निघाली, किंवा मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग अडकले, तर फवारणीची वेळ आली असे समजायचे. लहानपणी ही अळी गुलाबी नसतेच. पांढुरकी, केसाएवढी बारीक असते आणि कापसाच्या ओल्या धाग्यात मिसळून जाते. पूर्वी मी चालताना चाळिशी खिशात ठेवत असे, बोंड तोडल्यावर चीक लागलेल्या हातांनी ती काढून लावत असे आणि पुढच्या झाडाकडे जाताना विसरून तशीच ठेवल्यामुळे धुऱ्यावर धडपडत असे. आता मान वर असेल तर ओळीच्या टोकाचा सापळा दिसतो, आणि बोंड हातात घेऊन नजर खाली केली की त्याच्या आतला ओला पांढरा धागा, त्यात अळीने सोडलेली तपकिरी विष्ठा आणि तिच्या टोकाशी हलणारे काळे डोके, असे सगळे एका जागी स्वच्छ दिसते. गेल्या हंगामात पहिली अळी मला गड्याच्या आधी सापडली. गडी बावीस वर्षांचा आहे. त्याला त्याचे फार वाईट वाटले नाही, पण मला फार बरे वाटले.

दुसरा उपयोग कीटकनाशकाची घडीपत्रिका वाचण्याचा. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा आहे, हे कोणालाही दिसते आणि लाल म्हणजे सर्वांत जहाल हे आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रमाण किती घ्यायचे, विषबाधा झाली तर उतारा काय, हे अनेक भाषांच्या गर्दीत मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेले असते. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीतून जी विषबाधा झाली, तिची कारणे अनेक होती. परंतु ज्या शेतकऱ्याचे वय पन्नासच्या पुढे आहे आणि ज्याच्याजवळ चष्मा नाही त्याच्यासाठी ती पत्रिका कोरी असल्यासारखीच आहे, हे मी ग्रामसेवक असताना लक्षात घ्यायला हवे होते. त्या काळात मी स्वतःच चष्मा नाकाच्या टोकावर लावून हिंडत होतो.

ही वस्तू नवी नाही. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, पॅरिसमधून एका मित्राला लिहिलेल्या पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचे वर्णन केले आहे. दोन चष्म्यांच्या काचा अर्ध्या कापून एकाच चौकटीत बसवल्यामुळे जेवताना ताटातला पदार्थही दिसतो आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो, आणि चेहरा दिसल्यामुळे फ्रेंच बोलणे अधिक समजते, असे त्यांनी कळवले होते. बहिऱ्या होत चाललेल्या माझ्या मोठ्या भावाशी बोलताना हे मला दररोज पटते. त्यांना माझे ओठ दिसले की माझी वऱ्हाडी समजते. गंमत अशी की ‘क्रिप्टोक’ हे नाव ‘लपलेला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही काच निघाली तेव्हा जुन्या चष्म्यांतला ठळक सांधा लपवणे हीच तिची ख्याती होती. म्हणजे वय लपवण्याची हौस तेव्हाही होती, आणि तेव्हा जो लपवणारा चष्मा म्हणून खपला तोच आज उघड्यावर पाडणारा म्हणून मागे पडला आहे.

आता दोष. मधले अंतर या चष्म्यात नाही. साधारण हातभर ते एक मीटर या पट्ट्यातले सगळे वरच्या भागातूनही धूसर आणि खालच्या भागातूनही धूसर. मोटारसायकलचा वेगकाटा नेमका याच पट्ट्यात येतो. त्यामुळे मी किती वेगाने जात आहे हे मला दिसत नाही आणि खबरदारी म्हणून मी चाळीसच्या वर जात नाही, असे घरच्यांचे मत आहे. पोरे मागून हॉर्न वाजवत पुढे जातात. बाजारात ढिगापलीकडे बसलेल्या बाईच्या तराजूचा आकडा वाचता येत नाही. ज्यांचे काम दिवसभर संगणकापुढे आहे, किंवा जे शिवणयंत्रावर बसतात, त्यांनी हा चष्मा घेऊ नये. त्यांना प्रोग्रेसिव्ह किंवा त्या अंतराचा वेगळा चष्मा बरा. गोल तुकड्याऐवजी वरून सपाट कड असलेली ‘डी’ काच घेतली तर वस्तूची उडी कमी होते आणि वाचायला रुंद जागा मिळते. रेघ मात्र आणखी ठळक दिसते. माझ्या पुढच्या चष्म्याला मी तीच घेणार आहे.

घाम हाही एक प्रश्न आहे. एप्रिल-मे महिन्यांत फ्रेम नाकावरून खाली उतरते, आणि ती तीन मिलिमीटर उतरली की दुकानदाराने मोजून केलेली सगळी व्यवस्था बिघडते. वीस रुपयांची काळी दोरी बांधल्यावर हा प्रश्न मिटला. काच प्लास्टिकची असल्यामुळे हलकी आहे आणि पडली तरी फुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात. खांद्यावरच्या दुपट्ट्याने कोरडी पुसणे हा आम्हा लोकांचा जन्माचा दोष आहे. दुपट्ट्यात धूळ असते आणि ती काचेवर कानशीसारखी काम करते. आधी पाण्याने धुवावी आणि मग मऊ कापडाने टिपावी. मी हे शिकलो तोवर उजव्या काचेवर दोन ओरखडे पडले होते, ते अजून तसेच आहेत.

घरात हा चष्मा दोघांचा आहे. सौभाग्यवती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिचा स्वतःचा चष्मा आहे, पण सुई ओवायची वेळ आली की तो कधीच सापडत नाही. मग ती माझ्या नाकावरून माझा चष्मा उचलते, मान मागे टाकते, दोरा दोन बोटांत वळते आणि पहिल्या झटक्यात ओवते. नंबर तंतोतंत जुळत नाही, म्हणून ती सुई थोडी जवळ धरते. तेवढा वेळ मी धूसर अंगणाकडे पाहत बसतो. त्या वेळी काही वाचता येत नाही, काही करता येत नाही, आणि मला त्याची अजिबात घाई नसते. नोकरीत असताना मार्च महिना म्हणजे घरपट्टीची वसुली, वरिष्ठांचे फोन आणि रात्री उशिरापर्यंत दप्तर. गेल्या दोन वर्षांपासून मार्च हा पळस फुलण्याचा महिना झाला आहे. अंगणातून टेकडीवरचा पळस चष्म्याशिवाय नुसता केशरी डाग दिसतो, तोही पुरतो. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणतात, आणि असेलही. पण चाळिसाव्या वर्षीची जी बुद्धी होती ती परत मिळावी असे मला वाटत नाही. त्या बुद्धीने घसा बसल्याचे सोंग केले होते.

यापुढे काय होईल याचीही थोडी कल्पना आहे. माझे वडील पंचाहत्तरीला आले तेव्हा एक दिवस चष्मा न लावताच पोथी वाचू लागले. घरात आनंदीआनंद झाला, आईने देवापुढे नारळ ठेवला. तो मोतीबिंदूच्या सुरुवातीचा खेळ होता. भिंगाचा गाभा दाट होऊ लागला की काही जणांचा नंबर उणेकडे सरकतो आणि जवळचे काही काळ बिनचष्म्याचे दिसते, मग दूरचे अंधुक होत जाते. वर्षभराने शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांच्या घरी कोणी म्हाताऱ्याने अचानक चष्मा काढून ठेवला असेल, त्यांनी नारळ जरूर फोडावा, पण डोळेही तपासून घ्यावेत. माझ्या बाबतीत ती वेळ आली की हा अभिप्राय पुन्हा लिहावा लागेल. तोवर हा चष्मा ज्या कामाचा आहे ते काम करतो आहे आणि मीही करतो आहे.

गेल्या महिन्यात नंबर पुन्हा तपासला. दोन वर्षांत काहीही बदललेला नाही. दुकानदाराने काडीचा सैल झालेला स्क्रू घट्ट केला, नाकावरच्या पिवळ्या पडलेल्या गाद्या बदलल्या आणि पैसे घेतले नाहीत. “पुढच्या वर्षी ‘डी’ काच घ्याले याच,” एवढे मात्र सांगितले. सौभाग्यवती सोबत होती. परतीच्या एसटीत वाहकाने आधी तिला अर्धे तिकीट दिले, कारण १७ मार्च २०२३ पासून महिलांना ते आहे. मग माझ्याकडे वळून, माझे पांढरे केस आणि काचेतली रेघ पाहून, त्याने आदराने विचारले, “काकाजी, ज्येष्ठ नागरिक ना? आधार दाखवा.”

ज्येष्ठांचे अर्धे तिकीट पासष्टीला सुरू होते. मी त्याला अजून पाच वर्षे बाकी असल्याचे सांगितले आणि पूर्ण तिकिटाचे पैसे काढून दिले. तो थोडा ओशाळला. तिकिटावरची फिकट छपाई मी खालच्या भागातून वाचून पाहिली, बेरीज बरोबर होती, आणि तिकीट वरच्या खिशात ठेवले.